गाडी नवी, पाय जुना

मुंबईच्या रस्त्यावरून दोन ओळखीच्या गाड्या २०२३ साली अवघ्या सहा-सात आठवड्यांच्या अंतराने निघून गेल्या. १५ सप्टेंबरला 'बेस्ट'ची डिझेलवर चालणारी शेवटची दुमजली बस धावली आणि ३० ऑक्टोबरपासून प्रीमियर पद्मिनी ही टॅक्सी अधिकृतपणे बाद झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने तिच्या निरोपाचा दिवस आधीच ठरलेला होता. दोन्ही गाड्यांवर भरभरून लिहिले गेले, छायाचित्रे निघाली, आठवणी जागवल्या गेल्या. मात्र या निरोपाच्या गजबजाटात एक प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. गाड्या बदलल्या, पण त्या चालवणाऱ्यांचे काय?

या प्रश्नाचे दुर्लक्ष किती महाग पडू शकते, हे ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात दिसले. 'बेस्ट'च्या सेवेतील, पण कंत्राटदाराच्या मालकीची एक विजेवर चालणारी बस गजबजलेल्या रस्त्यावर माणसांना आणि वाहनांना धडका देत गेली. किमान सात जणांचे प्राण गेले, चाळीसहून अधिक जखमी झाले. ब्रेक निकामी झाल्याची शंका सुरुवातीला व्यक्त झाली, पण तपासणीत तसे आढळले नसल्याचे वृत्त आले. याआधी लहान बस चालवणाऱ्या चालकाला मोठ्या, स्वयंचलित बसचा पुरेसा सराव मिळाला नव्हता, ही बाबही पुढे आली. दोष कोणाचा हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे आणि त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. पण नव्या यंत्राच्या हाती जुनी सवय दिली की काय होते, हा प्रश्न एका चालकापुरता राहत नाही. तो या शहराच्या संपूर्ण सार्वजनिक वाहतुकीचा आहे.

एरवी हा विषय दोन वेगवेगळ्या कप्प्यांत टाकला जातो. अपघात झाला की सुरक्षेची चर्चा होते आणि डिझेल किंवा सीएनजी महागले की इंधनबचतीची. वास्तविक या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे चालकाच्या पायाची सवय. जो चालक पुढचा रस्ता वाचून हळुवारपणे वेग घेतो आणि हळुवारपणेच सोडतो, तो इंधन वाचवतो, टायर वाचवतो आणि माणसेही वाचवतो. ही सवय उपदेशाने लागत नाही. गाडी कशी आहे, इंधनाचा खर्च कोणाच्या खिशातून जातो आणि वेळापत्रक कोणी आखले आहे, यांवर ती घडते किंवा बिघडते.

एका थांब्याचा हिशेब

मोटारीची जाहिरात पाहताना आपण एका लिटरमध्ये ती किती किलोमीटर जाते, एवढेच पाहतो. तो आकडा प्रमाणित चाचणीतून येतो. भारतात अशा चाचण्या पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या संस्था करतात. तेथे गाडी रोलरवर उभी असते आणि वेग किती, कधी वाढवायचा, कधी थांबायचे, हे सगळे सेकंदासेकंदाला ठरलेले असते. आंबेडकर रोडवर लालबागहून दादर टीटीकडे जाताना असे काही ठरलेले नसते. तेथे हे 'चाचणीचक्र' चालक स्वतःच्या पायाने घडवत असतो.

शाळेतले भौतिकशास्त्र थोडे आठवले तरी यातला फरक कळतो. प्रवाशांसह १२ टन वजनाची बस ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्या गतीत सुमारे ०.२ युनिट ऊर्जा साठलेली असते. डिझेल इंजिन इंधनातील ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच चाकापर्यंत पोहोचवते. म्हणजे बस शून्यावरून ४० पर्यंत नेण्यासाठी साधारण ६० मिलिलिटर डिझेल जळते. पुढच्या सिग्नलला चालकाने ब्रेक दाबला की ही सगळी मेहनत ब्रेकच्या उष्णतेत विरून जाते. गतीतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तीच बस ४० ऐवजी ३० पर्यंतच नेली, तर हा खर्च सुमारे ४४ टक्क्यांनी घटतो. दिवसभरात बस ३०० वेळा थांबली आणि निघाली असे धरले, तर पहिल्या चालकाचे केवळ वेग घेण्यात १८ लिटर डिझेल जाते आणि दुसऱ्याचे १० लिटर.

ही कागदावरची आकडेमोड आहे, प्रत्यक्षात प्रत्येक टप्पा सारखा नसतो. ३० ने जाण्यात काही सेकंद जातात, हेही खरे. पण समोरचा सिग्नल लालच असेल, तर ४० ने जाऊन तेथे आधी उभे राहणारा चालक वेळ वाचवत नाही. तो फक्त थांबण्याची वेळ वाढवतो. परळ, लालबाग, गिरगाव या भागांत दोन सिग्नलमधील अंतर इतके कमी आहे, की जोरात निघण्याचा आणि करकचून थांबण्याचा फायदा बहुतेक वेळा शून्य असतो आणि तोटा मात्र दर वेळी असतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने दिलेल्या माहितीनुसार, आक्रमक पद्धतीने गाडी हाकल्यास थांबत-निघत चालणाऱ्या वाहतुकीत इंधनाची कार्यक्षमता १० ते ४० टक्क्यांनी घसरू शकते. एका लिटरमध्ये दोन-चार टक्के जास्त अंतर मिळावे म्हणून अभियंते वर्षानुवर्षे इंजिनावर काम करतात. त्याच्या कितीतरी पट नफा-नुकसान चालकाच्या उजव्या पायात दडलेले असते.

उतार एक, गाड्या तीन

असे असेल तर 'हळू चालवा' असा फलक लावून काम भागले पाहिजे. ते भागत नाही, कारण चांगली सवय म्हणजे काय, हे गाडीप्रमाणे बदलते. पेडर रोडचा हाजीअलीच्या बाजूचा उतार घ्या. पद्मिनीच्या काळातला मुरलेला टॅक्सीवाला अशा उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून सोडून देत असे. कार्ब्युरेटरच्या इंजिनात पाय काढला तरी गिअरमध्ये इंधन ओढले जाई, त्यामुळे त्याच्या युक्तीने थोडे इंधन खरोखरच वाचत असे. सुरक्षेच्या दृष्टीने मात्र ती तेव्हाही घातकच होती, कारण न्यूट्रलमध्ये इंजिनाचा आधार सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

त्यानंतर आलेल्या गाड्यांत इंधन पुरवण्याचे काम संगणक करतो. गाडी गिअरमध्ये असताना उतारावर पाय काढला की तो इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंदच करतो. न्यूट्रलमध्ये टाकली, तर इंजिन सुरू ठेवण्यासाठी त्याला उलट इंधन द्यावे लागते. म्हणजे जुनी 'बचत' आता उधळपट्टी ठरते. तिसरी गाडी विजेची. तिच्यात पाय काढला की मोटर जनित्राचे काम करते आणि उतारावरची ऊर्जा पुन्हा बॅटरीत भरते. न्यूट्रलमध्ये टाकले तर ही मिळकत पूर्ण बुडते. एकच उतार, पण तीन गाड्यांसाठी शिस्त वेगळी. बापाने मुलाला, उस्तादाने क्लीनरला शिकवलेली युक्ती दुसऱ्या गाडीत चुकीची ठरते आणि हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

विजेच्या बसमध्ये हा फरक आणखी टोकाचा होतो. डिझेल बसमध्ये क्लच, गिअर आणि इंजिनाची धाप या तीन गोष्टी चालकाला सतत आवर घालत असत. इंजिनाच्या आवाजावरून वेगाचा अंदाज येई. विजेची मोटर मात्र पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते आणि तोही जवळजवळ आवाज न करता. जुन्या बसचा जड ॲक्सिलरेटर दाबण्याची सवय असलेला पाय येथे नकळत जास्त दाबला जातो. क्लच नसल्याने डाव्या पायाला काम उरत नाही. ब्रेक लावतानाही तसेच. पाय अलगद काढत आणला, तर गतीतील ऊर्जेचा बराचसा भाग बॅटरीत परत जातो. शेवटच्या क्षणी करकचून ब्रेक मारला, तर नेहमीचे घर्षणाचे ब्रेक मदतीला येतात आणि तेवढी ऊर्जा वाया जाते. उभ्याने प्रवास करणारे तोल जाऊन पडतात, ते वेगळेच.

मुंबईला विजेची वाहने नवी नाहीत, हे येथे आठवावे. ७ मे १९०७ रोजी या शहरात विजेची ट्राम सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर या मार्गावर शेवटची धावली. ट्रामचालकाचे हँडल एकेक खाचेने पुढे सरकत असे, त्यामुळे वेग टप्प्याटप्प्याने घेण्याची शिस्त यंत्रातच होती. लोकलचे मोटरमन आजही स्थानक येण्याच्या बऱ्याच आधी वीज तोडून गाडी तिच्या गतीवर सोडतात. 'कोस्टिंग' म्हणतात ती हीच रीत, आणि ती मोटरमनच्या प्रशिक्षणाचा भाग आहे. नव्या लोकल गाड्या ब्रेक लावताना वीज तारेत परत देतात, पण ती परत किती मिळणार, हे गाडी थांबवण्याच्या पद्धतीवरही अवलंबून असते. परळ किंवा करी रोड स्थानकाच्या फलाटावर लोकल ज्या सफाईने थांबते, तीत यंत्राइतकाच वाटा त्या शिक्षणाचा आहे. रेल्वेने जे रुळांवर केले, ते रस्त्यावर करण्याचा विचार मात्र आपण फारसा केलेला नाही.

इंधनाचे पैसे कोणाचे?

सवय शिकवता येते, पण ती टिकण्यासाठी काहीतरी स्वारस्य लागते. दादर स्थानकाबाहेरच्या रांगेत उभा असलेला काळी-पिवळीवाला इंजिन बंद करून, गरज पडली तर हाताने गाडी ढकलत पुढे सरकवतो. त्याला पर्यावरणाचे धडे कोणी दिलेले नसतात. गाडी स्वतःची असो वा पाळीने भाड्याने घेतलेली, गॅसचे पैसे त्याच्याच खिशातून जातात, एवढे कारण पुरेसे असते. मुंबईच्या टॅक्सी डिझेलवरून सीएनजीवर गेल्या त्यामागे उच्च न्यायालयाचे आदेश होते आणि प्रदूषणाचा प्रश्न होता. पण चालकांनी गॅस स्वीकारला तो रोजच्या हिशेबात परवडला म्हणून. १ फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचे किमान भाडे २८ रुपयांवरून ३१ रुपये झाले. या भाड्यातला किती हिस्सा घरी जाणार आणि किती गॅसपंपावर राहणार, हे त्याचा पाय ठरवतो. ॲपवरून बोलावलेल्या गाडीत वातानुकूलन लावण्यावरून होणारे वाद हे याच हिशेबाचे दुसरे रूप. थंड हवा प्रवाशाला मिळते, इंधन चालकाचे जळते.

बसचालकाचे तसे नाही. त्याने इंधन वाचवले काय आणि उधळले काय, महिन्याचा पगार तेवढाच. त्याला जाब विचारला जातो तो वेळेचा. भाडेतत्त्वावरील, म्हणजे 'वेट लीज'च्या गाड्यांत हा गुंता वाढतो. गाडी कंत्राटदाराची, चालक त्याचा, मार्ग आणि वाहतुकीचे नियोजन 'बेस्ट'चे, आणि मोबदला धावलेल्या किलोमीटरवर. आज 'बेस्ट'च्या ताफ्यात अशा गाड्यांचे प्रमाण निम्म्याहून बरेच अधिक आहे. ज्याला किलोमीटरवर पैसे मिळतात, त्याला जास्त फेऱ्या हव्यात. त्या फेऱ्या वाहतूककोंडीतून पूर्ण करण्याचा ताण शेवटी चालकाच्या पायावर येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी बसचालकांनी वेतनवाढीसाठी केलेला संप अनेकांच्या लक्षात असेल. ज्या नोकरीत पगार तुटपुंजा आणि स्थैर्य नाही, तेथे माणसे टिकत नाहीत. माणसे टिकली नाहीत की अनुभव साठत नाही आणि प्रशिक्षणावर खर्च करणे कंत्राटदाराला तोट्याचे वाटते. चालकाला 'बेशिस्त' म्हणणे सोपे आहे, पण ही बेशिस्त करारातूनच उगवते, हे आपण विसरतो.

रस्त्याचाही वाटा

सगळा भार चालकावर टाकणेही न्यायाचे नाही. त्याचा पाय रस्ताही हलवतो. १२ सप्टेंबर २०२५ रोजी एल्फिन्स्टन पूल पाडकामासाठी बंद झाला आणि परळ-प्रभादेवीची वाहतूक टिळक पूल, करी रोड आणि चिंचपोकळीच्या पुलांवर वळली. जो चालक काही मिनिटांत पूर्व-पश्चिम ओलांडत होता, तो हाफ क्लचवर इंचाइंचाने सरकू लागला. अशा वेळी हळुवार चालवण्याचा सल्ला देणे म्हणजे पुरात सापडलेल्याला पोहण्याची शैली शिकवण्यासारखे आहे.

उलट टोकाला सागरी किनारा मार्ग आहे. तेथे गिरगाव चौपाटी ते प्रियदर्शिनी उद्यान हा दोन किलोमीटरहून लांब जुळा बोगदा आहे, सिग्नल नाहीत आणि सरळ पट्ट्यात ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. या मार्गावर थांबण्या-निघण्याचा खर्च वाचतो, तोच वेगाच्या हौसेत घालवला जातो. ८० ऐवजी १०० ने गाडी नेली, तर हवेचा रोध दीडपटीहून अधिक होतो. म्हणजे कोंडीतून सुटका झाली, म्हणून इंधन आपोआप वाचत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झालेल्या मेट्रो-३ मुळे गिरगाव, काळबादेवी, दादर हे भाग जोडले गेले. रस्त्यावरचा भार तिने हलका केला, तर त्याचा लाभ बसचालकालाही होईल. पण तेवढ्यावर विसंबून राहता येणार नाही.

मोजा, पण शिक्षेसाठी नको

मग करायचे काय? एसटीच्या आगारांत डिझेलचा 'ॲव्हरेज' चालकागणिक पाहण्याची रीत जुनी आहे. पेट्रोलियम बचतीसाठी स्थापन झालेली 'पीसीआरए' चालकांना प्रशिक्षण देते आणि पुण्याजवळ भोसरीला केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे. शिकवणारे आहेत, शिकवण्याची रीतही माहीत आहे. विजेच्या बसमध्ये तर दर किलोमीटरला किती युनिट गेले, किती परत आले, ब्रेक किती जोराने लागला, हे सगळे गाडी स्वतःच नोंदवते. ही नोंद पाळी संपल्यावर चालकाला दाखवली, त्याच मार्गावरच्या सहकाऱ्यांशी ताडून पाहता आली, तर त्याच्याइतका चांगला शिक्षक दुसरा नाही.

मात्र येथे एक धोका आहे. कमी वीज वापरणाऱ्याला बक्षीस आणि जास्त वापरणाऱ्याला दंड, असा सरळसोट नियम केला, तर सर्वांत सोपी बचत कोणती? थांब्यावर न थांबणे. दुसरी, वातानुकूलन बंद ठेवणे. तिसरी, गर्दी टाळून रिकामी गाडी पळवणे. बसची खरी कार्यक्षमता ही बसच्या किलोमीटरमागे नव्हे, तर प्रवाशाच्या किलोमीटरमागे मोजायला हवी. ५० जणांना घेऊन प्रत्येक थांब्यावर थांबणारी बस जास्त वीज खाईल, पण शहराची वीज आणि इंधन तीच वाचवत असते. म्हणून मोजमाप हवे, पण ते शिकवण्यासाठी. वाचलेल्या पैशांतला वाटा द्यायचा, तर तो साऱ्या आगाराला मिळून द्यावा आणि थांबे चुकवल्याच्या तक्रारी, अपघात यांच्याशी त्याची सांगड घालावी.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. कागदावरचा वेळ रस्त्यावर मिळत नसेल, तर चालक तो ॲक्सिलरेटरमधून काढणार, हे गृहीत धरले पाहिजे. पूल बंद झाला, रस्ता खोदला, गणेशोत्सवात लालबाग-परळ माणसांनी भरून गेले, की फेरीचा वेळ त्याच आठवड्यात बदलायला हवा. तिसरी गोष्ट कराराची. नवी गाडी हाती देण्यापूर्वी किती तास, कोणत्या रस्त्यावर आणि कोणाच्या देखरेखीखाली सराव झाला, ही अट निविदेत बॅटरीच्या क्षमतेइतकी ठळक असली पाहिजे आणि ती पाळली की नाही, हे 'बेस्ट'ने स्वतः तपासले पाहिजे. विजेच्या बसमध्ये सुरुवातीचा जोर किती तीव्रतेने यावा, हे सॉफ्टवेअरमधून ठरवता येते. नवशिक्या चालकासाठी तो आटोक्यात ठेवणे अवघड नाही.

संपूर्ण ताफा विजेवर नेण्याचे उद्दिष्ट 'बेस्ट'ने जाहीर केले आहे आणि दिशा म्हणून ते योग्यच आहे. मे २०२५ मध्ये किमान भाडे साध्या बससाठी १० आणि वातानुकूलित बससाठी १२ रुपये झाले. या वाढीव पैशांतून प्रवाशाला नव्या गाडीबरोबर ती चालवणारा तयार माणूसही मिळायला हवा. गाडी कारखान्यातून काही महिन्यांत येते. तिला साजेसा चालक तयार व्हायला वेळ लागतो, पैसे लागतात आणि तो टिकेल अशी नोकरी लागते. विजेच्या बसखरेदीची घोषणा करताना गाड्यांची संख्या आणि किंमत सांगितली जाते. त्या पत्रकात चालकांच्या प्रशिक्षणाचे तास आणि त्यासाठीची तरतूद या दोन आकड्यांची भर पडली पाहिजे. ते आकडे दिसेपर्यंत नव्या बसचे स्वागत करताना मुंबईकरांनी त्यांची विचारणा करत राहावी.